भडक बोलणारे पक्ष आले की मतदान वाढतं का?

दहावीच्या वर्गात निवडणुकांचा धडा चालू होता. एका मुलीने विचारलं, "टीचर, कुणी भडक बोलणारा पक्ष आला की लोक घाबरून घरी बसतात, की उलट जास्त मत देतात?" सवाल रास्त आहे. जर्मनीचे आकडे पाहिले की जवाब बराचसा मिळतो.

'आम जनता एकीकडे, वरचे बेईमान लोक दुसरीकडे, आणि जनतेचा खरा आवाज फक्त आम्हीच' असं म्हणणाऱ्या पक्षाला पॉप्युलिस्ट म्हणतात. जर्मनीत २०१३ साली निघालेला एएफडी हा असाच पक्ष. इस्लाम जर्मनीचा नाही, हे त्यांनी २०१६ च्या कार्यक्रमपत्रिकेत लिहूनच टाकलं. त्याच वर्षी साक्सनी-आनहाल्ट राज्यात मतदान ५१ टक्क्यांवरून ६१ वर गेलं आणि एएफडीला २४ टक्के मतं पडली. त्यांत मोठा वाटा 'सगळे पक्ष सारखेच' म्हणून आधी घरी बसणाऱ्यांचा होता.

पण फक्त त्यांचेच लोक उठतात असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत स्थलांतराविरुद्धचा एक ठराव एएफडीच्या मतांच्या जोरावर पास झाला आणि शहरोशहरी विरोधात मोर्चे निघाले. पुढच्याच महिन्यात मतदान झालं ८२.५ टक्के. १९९० च्या एकीकरणानंतरचा हा उच्चांक. एएफडी २०.८ टक्क्यांवर, दुसऱ्या नंबरला. आणि संपला म्हणून सोडून दिलेला डावा पक्ष 'डी लिंके' ८.८ टक्क्यांवर, तरुण मतदारांत तर तोच पहिला!

म्हणजे हा नियमच समजायचा का? तसंही नाही. युरोपच्या ३१ देशांतल्या ३१५ निवडणुका अभ्यासकांनी तपासल्या. असे पक्ष आधीपासून संसदेत असले की पूर्व युरोपात मतदान जास्त दिसलं, पश्चिम युरोपात तसा फरक दिसला नाही. जर्मनीतसुद्धा २०२१ मध्ये मतदान जवळपास २०१७ इतकंच राहिलं.

राग असो की भीती, बूथवर जाता येतं ते यादीत नाव असलेल्यालाच. जर्मनीतल्या कितीतरी तुर्की घरांत आई-वडिलांची उमर तिथेच कामात गेली, पण हातात तुर्कीचाच पासपोर्ट; मत देतात ती मुलं. दोन्ही देशांचं नागरिकत्व ठेवायची सर्वसाधारण परवानगी तिथे जून २०२४ मध्ये आली. त्यानंतर अर्ज करून नागरिकत्व मिळेपर्यंत फेब्रुवारीची निवडणूक अनेकांच्या हातून निघून गेली.