दुसरा योहान

हॉलंडच्या फुटबॉलचे नाव निघाले की योहान क्रायफ आठवतो. पण त्याच संघात दुसराही एक योहान होता, योहान नेस्केन्स. १५ सप्टेंबर १९५१ रोजी हेमस्टेडे गावी जन्मलेला हा गडी मैदानाच्या मध्यभागी खेळे. समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावायचा आणि लगेच पुढे धावायचे, हे त्याचे काम. आयाक्स संघाने १९७१, ७२ व ७३ असा लागोपाठ तीनदा युरोपीय चषक जिंकला, त्यात त्याच्या घामाचा मोठा वाटा होता.

१९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना म्युनिकला झाला. पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला पाय लागण्याआधीच क्रायफला पाडले गेले. मिळालेली पेनल्टी नेस्केन्सने सरळ मधोमध हाणली. गोलरक्षक भलतीकडेच झेपावला. तरीही हॉलंड २-१ ने हरले. १९७८ साली क्रायफ स्पर्धेला आलाच नाही. नेस्केन्स पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. अर्जेंटिनाकडून पुन्हा हारच पदरी आली.

पुढे तो प्रशिक्षक झाला. अल्जीरियात तिथल्या प्रशिक्षकांना शिकवायला गेला असतानाच ६ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे निधन झाले.

गोल करणाऱ्याचे नाव होते. पण चेंडू हिसकावून देणाराच नसेल, तर गोल कुठला? गावच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांनी हा राबणारा गडी जरूर ध्यानात ठेवावा.