पाणी नितळ, पण निर्धोक?

नितळपणा ही पाण्याच्या शुद्धतेची खूण नव्हे. झेक प्रजासत्ताकातील स्त्राझ येथे खडकातील युरेनियम विरघळवून उपसण्यासाठी १९९६ पर्यंत सुमारे ४० लाख टन गंधकाम्ल भूगर्भात सोडले गेले. खाण बंद झाली. भूजलाच्या शुद्धीकरणाला मात्र दशके लागत आहेत.

खाण नसतानाही काही खडकांतील युरेनियम ऑक्सिजनयुक्त पाण्यात विरघळून कूपनलिकेत उतरते. किरणोत्सर्गापेक्षा रासायनिक विषारीपणामुळे ते मूत्रपिंडांना अधिक अपाय करते. पाणी उकळल्याने ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे.

घरातील ज्येष्ठ कूपनलिकेचे पाणी पीत असतील, तर प्रयोगशाळेत युरेनियमची तपासणी करून घ्यावी; प्रमाण अधिक आढळल्यास आरओ यंत्राचे पाणी द्यावे. मूत्रपिंडविकार असल्यास ही तपासणी लांबवू नये.