निगेटिव्हच्या कडेची साक्ष

घरी कृष्णधवल फिल्म धुणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला टाकीचे झाकण उघडण्याचा क्षण परीक्षेच्या निकालासारखा वाटतो. निकाल मनासारखा लागला नाही, तर दोष कॅमेऱ्याचा, औषधाचा की हाताचा, हे कळत नाही. अशा वेळी चित्रांच्या आधी फिल्मची कड पाहावी.

35 मिलिमीटर फिल्मच्या कडेला कंपनीचे नाव व चित्रांचे क्रमांक असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटविलेले असतात. मात्र डेव्हलपरचा संस्कार झाल्यावाचून दिसत नाहीत. कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नसल्यामुळे त्यांची साक्ष निःपक्षपाती असते.

आकडे ठसठशीत पण चित्रे फिकट असतील, तर चित्र घेतानाच प्रकाश कमी पडला. दोन्ही फिकट असतील, तर डेव्हलपर जुना किंवा गार होता, अथवा वेळ अपुरा दिला गेला. आकडे स्पष्ट आणि चित्र एकही नाही, याचा अर्थ बहुधा फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही. आकडेही नाहीत व चित्रेही नाहीत, तर डेव्हलपर निकामी झाला होता किंवा हायपोच आधी ओतला गेला.

डेव्हलपरचे तापमान साधारणपणे 20 अंश सेल्सिअस धरतात. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात नळाचे पाणी याहून गार, तर हैदराबादच्या उन्हाळ्यात बरेच गरम असते. म्हणून औषधांच्या बाटल्या घमेल्यातील पाण्यात ठेवून, ऋतूप्रमाणे त्यात बर्फ किंवा कोमट पाणी घालावे. धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे असावे. एकदम फरक पडल्यास जिलेटिनला जाळीसारख्या सुरकुत्या पडतात व त्या जात नाहीत.

फिल्मवर दुधट झाक दिसली, तर मात्र घाबरू नये. हायपोचे काम अपुरे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ. चांदीचे क्षार विरघळविण्याचा हायपोचा गुण जॉन हर्शेल यांनी 1819 मध्ये दाखविला आणि 1839 मध्ये तो छायाचित्रणाच्या कामी आला. ताज्या हायपोत फिल्म पुन्हा ठेवली की झाक जाते. डेव्हलपरची चूक अशी दुरुस्त होत नाही. न उमटलेले चित्र हायपो कायमचे धुऊन नेतो.

म्हणून घरच्या लग्नाची किंवा वृद्ध आजीची छायाचित्रे असलेली फिल्म टाकीत घालण्यापूर्वी, तिच्या टोकाचे कापलेले दोन तुकडे उजेडातच तपासावेत. पहिला डेव्हलपरमध्ये काही मिनिटांत काळाभोर झाला पाहिजे. दुसरा हायपोत पारदर्शक होण्यास लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म हायपोत ठेवावी. कडेचे आकडे झालेली चूक सांगतात. टोकाचा तुकडा ती होण्यापूर्वीच सांगतो. आजीचे छायाचित्र पुन्हा घेता येईलच असे नाही. तुकडा कापण्यास मात्र एक मिनिट पुरते.