श्वानांच्या कण्याची वक्रता : निसर्गदोष की मानवी हौस?

पाठीचा कणा हा शरीराचा आधारस्तंभ होय. कुत्र्याच्या कण्यात मानेचे 7, छातीचे 13, कमरेचे 7 आणि त्रिकास्थीचे 3 मणके असतात. शेपटीच्या मणक्यांची संख्या मात्र कमीअधिक असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मणक्यांची ही रांग वर उचलली गेली तर पाठीला कुबड येते आणि बाजूस वळली तर कणा नागमोडी होतो.

या वक्रतेचे एक प्रमुख जन्मजात कारण म्हणजे ‘अर्धमणका’. गर्भावस्थेत मणक्याचा एखादा भाग अपुरा वाढला, तर मणका चौकोनी न राहता पाचरीसारखा होतो. भिंतीच्या थरात एक वीट पाचरीची बसवली, तर वरचे सारे थर कलतात. कण्याचेही तसेच होते.

हा दोष बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग, बोस्टन टेरियर अशा आखूड तोंडाच्या जातींत विशेष आढळतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ 1835 च्या कायद्याने बंद झाला. पुढे श्वानप्रदर्शने भरू लागली आणि 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. आता कुत्र्याची पारख कामावरून नव्हे, तर रूपावरून होऊ लागली. आखूड, पिळदार शेपटी शोभेची ठरली आणि तशाच नर-मादीचा संकर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला. वस्तुतः ती पिळदार शेपटी म्हणजेच विकृत मणक्यांची रांग होय. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग व बोस्टन टेरियर यांच्या शेपटीचा संबंध डीव्हीएल-2 या जनुकातील बदलाशी असल्याचे संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले. ज्याला माणसाने सौंदर्य म्हटले, तोच मुळात दोष होता.

असा दोष असलेली अनेक कुत्री आयुष्यभर सुखाने जगतात. परंतु मज्जारज्जूवर दाब आल्यास, बहुधा वाढीच्या वयातच, मागचे पाय लटपटतात, पंजे घासत चालतात, मलमूत्रावरील ताबा सुटतो. अशा वेळी पशुवैद्यकांकडे विनाविलंब जावे. क्ष-किरण चित्रातून मणके दिसतात. मज्जारज्जूवरील दाब पाहण्यासाठी एमआरआय लागतो. विश्रांती, औषधे, तर काही वेळा शस्त्रक्रिया हा उपाय असतो. माणसांची वेदनाशामके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. ती कुत्र्यास घातक ठरू शकतात. पूर्वी सरळ असलेली पाठ अचानक वाकली, तर ते मणक्यांमधील गादी सरकल्याचे किंवा अन्य वेदनेचे लक्षण असू शकते.

आपल्याकडे 2003 मध्ये एका मोबाईल सेवेच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी त्याची मागणी वाढली. पिल्लू घेताना त्याच्या आईवडिलांच्या कण्याची तपासणी झाली आहे काय, हे विचारणारे किती? दोष असलेल्या कुत्र्यांचे प्रजनन थांबवणे हाच खरा प्रतिबंध आहे. आपल्या दारातील गावठी पिल्लूही तितकेच माया लावते. मुक्या जिवाची वेदना आपल्या हौसेची किंमत ठरू नये, एवढा विवेक आपण निश्चितच बाळगू शकतो.