पाला न खाणारं पिल्लू हट्टी नसतं

बिअर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पिल्लू रातकिड्यांवर तुटून पडतं, पण पाल्याच्या बशीकडे ढुंकूनही पाहत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "लाड पुरे झाले. किडे बंद करा, भूक लागली की झक मारत पाला खाईल."

लहान पिलासाठी याहून घातक सल्ला मला ठाऊक नाही. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रखरखीत प्रदेशातला. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा जेमतेम १० सेंटिमीटरचा आणि दोन-तीन ग्रॅम वजनाचा असतो. साधारण वर्षभरात तो ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. या वाढीला भरपूर प्रथिनं लागतात. म्हणून लहान वयात त्याच्या आहारात किड्यांचा वाटा ७० ते ८० टक्के असणं योग्यच आहे. प्रौढ झाल्यावर हे प्रमाण उलटतं आणि पाला जास्त, किडे कमी असं होतं. पिलाला उपाशी ठेवलं तर ते पाला खायला शिकत नाही, खंगतं.

दुसरा गैरसमज असा की खात नाही म्हणजे चव आवडली नाही. माझ्या मते आधी बशीकडे नाही, शेक देणाऱ्या दिव्याकडे पाहावं. सरड्याला ऊब बाहेरून मिळवावी लागते. पिलाच्या शेकण्याच्या जागेचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवं आणि पेटीचं दुसरं टोक त्याहून बरंच थंड, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आसपास. शेक कमी पडला की पचन मंदावतं, आतडी भरलेली राहतात आणि भूक मरते. काचेला चिकटवलेल्या तापमापकावर विसंबू नका. पिल्लू जिथे बसतं त्या पृष्ठभागाचंच तापमान मोजा.

"खिडकीतून ऊन येतं की!" हेही नेहमीचं वाक्य. साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्ण अडवते, आणि या किरणांवाचून पिलाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. त्यासाठी पेटीत लावायची यूव्हीबीची नळी उजेड देत राहते, पण ती विझण्याआधीच तिचे उपयोगी किरण ओसरतात. म्हणून बनावटीनुसार सहा ते बारा महिन्यांनी ती बदलावी लागते.

कॅल्शियमचं दुखणं तर थेट खाण्याशीच जोडलेलं आहे. या सरड्याच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. रातकिड्यांत नेमकं उलट असतं, फॉस्फरस कितीतरी जास्त. अशा किड्यांवरच वाढलेल्या पिलाची हाडं मऊ पडतात, पाय थरथरतात, जबडा रबरासारखा होतो. मग चावणंच जड जातं आणि घरचे म्हणतात, हे फार चोखंदळ झालंय! यावरचा उपाय साधा आहे. किड्यांना आदल्या दिवशी चांगला पाला खाऊ घाला आणि पिलाला देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरा. वाढत्या वयात ही पूड जवळजवळ रोज लागते. मल्टिव्हिटॅमिनचा हात मात्र आखडता ठेवा, कारण अ आणि ड जीवनसत्त्व अती झालं तरी अपाय होतो.

पालक आपल्याला पौष्टिक, म्हणून पिलालाही पौष्टिक, असं नाही. पालकातली ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतात. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. मोहरीचा पाला, डँडेलियनची पानं आणि किसलेला लाल भोपळा यांनी सुरुवात करावी. परदेशातल्या मराठी घरांना मोहरीचा पाला भारतीय किराणा दुकानात सहज सापडतो. फळांचं आमिष मात्र नको. गोडाची चटक लागते. कधीतरी एखादी फोड पुरे.

पाला सकाळी द्यावा, पिल्लू तासभर शेकून तरतरीत झाल्यावर आणि किडे देण्याआधी. बारीक चिरा, पाण्याचे थेंब शिंपडा, वर जास्वंदीच्या एक-दोन पाकळ्या ठेवा. त्याला रंग चांगले दिसतात. एक-दोन लहान अळ्या पाल्यात सोडल्या तर त्या टिपताना पानही तोंडात जातं. मग दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, खाईल तितके किडे द्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. कडक कवचाचे मीलवर्म इतक्या लहान वयात टाळावेत. उरलेले रातकिडे बाहेर काढा, नाहीतर रात्री ते पिलालाच चावतात. आठवडेच्या आठवडे बशी तशीच परत येईल, तरी रोज ताजी ठेवत राहा.

बागेतले किडे पकडून देऊ नयेत. त्यांच्यात कीटकनाशकं असतात, परजीवी असतात. काजवा तर कधीच नाही. अमेरिकेतल्या काजव्यांतल्या विषाने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, आणि एखादा काजवाही पुरेसा ठरतो.

नव्या घरात आल्यावर पिल्लू काही दिवस कमी खातं, तेवढ्याने घाबरू नये. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवा. वजन घटत असेल, डोळे खोल गेले असतील, पाय थरथरत असतील किंवा जबडा मऊ लागत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जाताना ताजी विष्ठा सोबत घ्या, म्हणजे आतड्यातल्या परजीवींची तपासणी त्याच भेटीत होईल.