कान कोणता, स्पीकर कोणता?

अंधेरी-घाटकोपरकडच्या आम्हा कापडवाल्यांची एक तक्रार आहे. सेलचे भाव रेकॉर्ड करून मोबाईलवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावावेत, तर ऐन गर्दीत मोबाईल आपणहून आवाज उतरवतो. गिऱ्हाईक भाव न ऐकताच पुढे जाते.

कारण साधे आहे. जोडलेली वस्तू कानात आहे की फळीवर, हे मोबाईल दर वेळी ओळखू शकत नाही; तो तिला इयरफोन समजतो. आणि इयरफोनला मर्यादा हवीच. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तासच ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते.

इलाज असा : आयफोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या वस्तूचा प्रकार 'स्पीकर' असा नोंदवावा. काही अँड्रॉइड फोनमध्येही ही सोय आहे.

मात्र शिलाई मशीनच्या खडखडाटात इयरफोन लावणाऱ्या कारागिराची मर्यादा कोणी काढू नये. मशीनचा आवाज त्याने कमी होत नाही, कानावरचा भार तेवढा वाढतो. गेलेले गिऱ्हाईक उद्या परत येईल. गेलेला कान येत नाही.