नाणं नव्हे, नोंद

क्रिप्टोबद्दल पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला वाटतं, बिटकॉइन म्हणजे मोबाइलमध्ये साठवलेलं काहीतरी असणार. मोबाइलमध्ये बिटकॉइन नसतोच. एका सार्वजनिक खातेवहीतली ती नोंद असते: या पत्त्यावर इतके जमा, तिथून त्या पत्त्यावर इतके वळते. ही वही कुठल्या बँकेच्या ताब्यात नाही. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, तिला जोडला जातो, म्हणून या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. प्रत्येक ब्लॉक आधीच्या ब्लॉकशी गणिताने बांधलेला असल्यामुळे जुनी नोंद बदलायची तर पुढचे सगळे ब्लॉक नव्याने रचावे लागतात. सातोशी नाकामोटो या टोपणनावाने २००८ मध्ये ही कल्पना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला.

तुमच्या वॉलेटमध्ये असते ती फक्त रक्कम हलवण्याची गुप्त किल्ली. ती हरवली, तर रक्कम वहीत दिसत राहते, पण कुणालाच हलवता येत नाही.

अख्खा बिटकॉइन घ्यावा लागतो, हाही गैरसमजच. त्याचे दहा कोटी भाग पडतात.

‘हे व्यवहार कुणाला कळत नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. पत्त्यावर नाव नसतं हे खरं, पण प्रत्येक व्यवहार कायमचा उघडा असतो. २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन कंपनीने हॅकर्सना दिलेल्या खंडणीपैकी ६३.७ बिटकॉइन तपास यंत्रणेने माग काढून परत मिळवले.

भारतात क्रिप्टोवर बंदी आहे का? नाही. बँकांना हे व्यवहार हाताळण्यास मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मात्र कर लागला म्हणून ते चलन ठरत नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया हे चलन आहे, बिटकॉइन नाही.

सगळ्यात जास्त घरं बुडवणारा समज वेगळाच आहे: ब्लॉकचेन सुरक्षित, म्हणजे माझे पैसे सुरक्षित. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचं, तेही दीड वर्ष, आमिष दाखवलं गेलं. ब्लॉकचेन कुणी फोडली नव्हती. लोकांनी विश्वासाने स्वतःच बिटकॉइन पाठवले होते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टोची खरेदी-विक्री होणाऱ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हाही ब्लॉकचेन शाबूतच होती. एक्स्चेंजवर ठेवलेल्या क्रिप्टोची किल्ली तुमच्याकडे नसते, एक्स्चेंजकडे असते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. क्रिप्टोला ते नाही.

म्हणूनच ठरावीक परताव्याची हमी देणाऱ्या ओळखीच्या माणसालाही सरळ नकार द्या. फसवणूक झालीच, तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रुपये बँकांच्या खात्यांमधून फिरत असतील, तोवर ते गोठवता येतात. त्यांची क्रिप्टो होऊन ती दुसऱ्या वॉलेटमध्ये गेली, की तो व्यवहार उलटवणारी बँक कुठेच नसते.